वाचल्याशिवाय सही नाही

परवा आमच्या बचत गटाची बैठक होती. ठरावाचं रजिस्टर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी पिशवीतून चष्मा काढला, पदराला पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. दोन पानं वाचून होईस्तोवर चहा गार झाला. शेवटी एकजण म्हणालीच, "मॅडम, करा नं सही! सगळं बराबर हाय. कायले एवढं वाचून राह्यल्या?"

मी हसले. म्हटलं, "बाई गं, ही सवय मला माझ्या लेकीनं लावली. उशिरा लावली, पण लावली."

आता ही लेक नेमकं काय काम करते, हे सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. ती पुण्यात एका कंपनीत आहे. कारंजात कोणी विचारलं की "कॉम्प्युटर इंजिनिअर आहे" असं सांगून मी मोकळी होते. पण तिचं खरं काम असं, की ती दिवसातला निम्मा वेळ दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचते आणि त्यातल्या चुका काढते. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे तुह्यावानी मास्तरीणच झाली म्हन की!" आम्ही सगळे हसलो. पण म्हातारी काही चुकली नव्हती.

तुम्ही म्हणाल, आता ही बाई आपल्याला या पानावर कॉम्प्युटर शिकवणार की काय! तसं नाही. मला तरी कुठे येतो? मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. पण २०२० च्या टाळेबंदीत लेक घरी आली, गच्चीवरच्या खोलीत तिनं ऑफिस मांडलं आणि पाच महिने तिचं काम मी डोळ्यांनी पाहिलं. त्यातून मला जे कळलं, ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे असं मला वाटतं.

आधी थोडं समजून घेऊ. आपल्या मोबाइलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये सगळा कारभार पाहणारा एक मूळ प्रोग्रॅम असतो. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कोणाला किती जागा द्यायची, कोणाचं काम आधी करायचं, हे सगळं तो ठरवतो. घरातली कर्ती बाई म्हणा ना! पण या कर्त्या बाईला कॅमेऱ्याची भाषा येत नाही, प्रिंटरची येत नाही, वायफायची येत नाही. प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी. म्हणून प्रत्येकासाठी एक दुभाष्या ठेवावा लागतो. त्या दुभाष्याचं नाव ड्रायव्हर.

मला हे लगेच पटलं, कारण मी असा दुभाष्या पाहिलाय. मानोरा तालुक्यात एका तांड्यावरच्या शाळेत मी काही वर्षं होते. पहिलीतली लेकरं घरी गोरमाटी बोलायची. माझं मराठी त्यांना कळेना, त्यांचं बोलणं मला कळेना. मग चौथीतल्या एका मुलीला मी शेजारी बसवून घेत असे. ती माझं त्यांना सांगायची, त्यांचं मला. मोठी हुशार पोरगी. पण एखाद्या दिवशी तिच्याकडून काही चुकीचं सांगितलं गेलं, की अख्खा वर्ग भलत्याच पानावर! चूक एकीची, गोंधळ साऱ्यांचा.

ड्रायव्हरचंही तसंच आहे. तो अगदी गाभाऱ्यात बसलेला असतो. एखादं साधं ॲप बिघडलं तर तेवढंच बंद पडतं. ड्रायव्हर बिघडला तर सगळं यंत्रच कोलमडू शकतं. लेकीनं मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी वहीत लिहून ठेवल्यात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सचा कर्नल तपासला, तेव्हा ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण बाकीच्या भागापेक्षा तिपटीपासून सातपटीपर्यंत जास्त निघालं. आणि २००३ मधल्या एका अभ्यासात म्हटलं होतं, की त्या वेळचं विंडोज एक्सपी बंद पडण्याच्या शंभर घटनांपैकी ८५ घटनांमागे ड्रायव्हरच होते. आणि बरं का, लिनक्सच्या कर्नलमधला निम्म्याहून जास्त मजकूर ड्रायव्हरचाच आहे. म्हणजे जिथे चुका जास्त, तिथेच मजकूरही जास्त!

हा लिनक्स म्हणजे फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये सुरू केलेलं काम. आज तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे वाशीमच्या भाजीबाजारात पैसे आल्याचं फोनवर पाहणारी मावशीसुद्धा त्याच्याच भरवशावर आहे. जगभरातले लोक त्यात भर घालतात. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत हजाराहून जास्त लोकांचा हात असतो.

एवढे हात लागल्यावर गोंधळ कसा होत नाही? माझा पहिला प्रश्न हाच होता. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाला पाच जणी स्वयंपाकाला लागल्या तरी मीठ दोनदा पडतं!

लेक म्हणाली, "आई, कारण तिथे वाचल्याशिवाय काहीच आत जात नाही."

पद्धत अशी. कोणी बदल केला की त्याचा पॅच तयार करायचा. पॅच म्हणजे आपलं ठिगळच. कुठली ओळ काढली आणि कुठली घातली, तेवढंच त्यात दिसतं. वर लिहायचं की हा बदल का केला. मग तो ईमेलनं सगळ्यांसमोर पाठवायचा. प्रत्येक ड्रायव्हरचा एक मेंटेनर असतो, शेताला राखणदार असतो तसा. कोणत्या भागाचा राखणदार कोण, याची यादी कर्नलसोबतच ठेवलेली आहे. तो राखणदार आणि इतर जाणकार ओळ न् ओळ वाचतात. खाली शंका लिहितात. मग दुरुस्त करून दुसरी आवृत्ती पाठवायची, मग तिसरी. कधी कधी दहावीसुद्धा!

वाचताना ते काय पाहतात, ते मला फार आवडलं. एका पॅचमध्ये एकच गोष्ट हवी. दोन दुरुस्त्या एकत्र बांधून पाठवल्या की परत. "काय केलं" यापेक्षा "का केलं" हे नीट सांगता आलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मध्येच काही बिघडलं तर काय, हे पाहायचं.

हे शेवटचं मला लेकीनं लग्नाच्या उदाहरणानं समजावलं. समजा घरात लग्न आहे. आधी हॉल घेतला, मग बिछायत केंद्रातून भांडी आणली, मग आचारी ठरवला. आणि ऐन वेळी लग्न पुढे ढकललं. आता काय करायचं? आधी आचाऱ्याला नाही सांगायचं, मग भांडी परत करायची, मग हॉल सोडायचा. ज्या क्रमानं घेतलं त्याच्या उलट क्रमानं परत. ड्रायव्हरही असाच आधी मेमरीतली जागा घेतो, वीज सुरू करतो, मग बाकीचं. चौथ्या पायरीवर काही फसलं तर मागच्या तिन्ही गोष्टी उलट्या क्रमानं परत कराव्या लागतात. सगळं सुरळीत असताना काय करायचं ते सगळेच नीट लिहितात. फसल्यावर काय करायचं, तिथे मात्र चुका राहतात. कारण तिकडे सहसा कोणी जात नाही. आपल्या घरातही माळ्यावरच जास्त जाळी असतात ना?

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण ज्याचं काम परत येतं त्याला काय वाटतं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी लेकीनं एक छोटा पॅच पाठवला होता. अकरा दुरुस्त्या सांगून तो परत आला. रात्री साडेदहाला तिचा फोन. रडत होती. "आई, मला जमणार नाही. मी परत येते." मला काही समजेना. मी विचारलं, "तुला काही वाईट बोलले का?"

"नाही. माझ्या कोडबद्दल बोलले."

"मग खरं बोलले की खोटं?"

थोडा वेळ गप्प. मग बारीक आवाजात, "खरं. नऊ बरोबर आहेत त्यातल्या."

मी तिला म्हटलं, नऊ दुरुस्त कर आणि दोनबद्दल भांड. आणि तिनं तसंच केलं! तिसऱ्या खेपेला तो पॅच गेला. तिच्या दोन हरकतींपैकी एक समोरच्यानं मान्यही केली.

फोन ठेवल्यावर मात्र मला झोप येईना. मी बत्तीस वर्षं वह्या तपासल्या. लाल पेननं फुल्या मारल्या. काही वह्यांवर "लक्ष कुठे असते?" असं लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, एक-दोनदा "मूर्खपणा" असंही लिहिलं. त्या लेकरांपैकी किती जणांनी घरी जाऊन रडून "मला जमणार नाही" म्हटलं असेल? चूक दाखवणं हे माझं कामच होतं. पण चूक वहीतली होती, लेकराची नव्हती, हे मी कितीदा विसरले!

तर असं समजू नका, की त्या कर्नलवाल्यांच्या जगात सगळे साधुसंत आहेत. तिथेही एके काळी भाषा फार वाईट होती. खुद्द टोरवाल्ड्स यांची ख्याती शिव्याशाप देण्याबद्दल होती. यूएसबी ३ चा ड्रायव्हर लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी २०१३ मध्ये याविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. कामावर टीका करा, पण माणसाला शिवीगाळ सहन करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे दोन वर्षांनी त्यांनी ते काम सोडलंच. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली. त्याच वेळी वागणुकीचे नियमही लागू झाले. सत्तावीस वर्षं लागली, पण लागू झाले!

आणि २०१३ पासूनच आणखी एक दार उघडलं. आउटरीची नावाचा एक उपक्रम आहे. सुरुवातीला तो फक्त बायकांसाठी होता. या क्षेत्रात ज्यांना सहसा कोणी घेत नाही त्यांना शिकवायचं, सोबत मार्गदर्शक द्यायचा, मानधन द्यायचं. त्या वर्षी कर्नलचं काम त्यात आलं आणि भारतातल्या कितीतरी मुलींनी आपला पहिला पॅच त्यातून पाठवला. ड्रायव्हरमधली छोटी छोटी साफसफाई करत त्या शिकल्या. फ्रान्समधल्या ज्यूलिया लॉल या बाईंनी अनेक मुलींना असं शिकवलं. याच बाईंनी सहकाऱ्यांबरोबर कॉक्सिनेल नावाचं एक साधन तयार केलंय. एका ड्रायव्हरमध्ये जी चूक सापडली, तसलीच चूक हजारो फायलींमध्ये कुठे कुठे आहे ते शोधून दुरुस्तही करतं. एक खडा सापडला म्हणून अख्खं पोतं चाळून काढणारी बाई, असं मी त्यांना मनातल्या मनात म्हणते.

आपल्या पुण्यातलंही एक नाव यात आहे. अमित काळे यांनी केजीडीबी नावाचं, चालू कर्नलमधली चूक शोधायचं साधन कित्येक वर्षं सांभाळलं. लोक वापरायचे, पण मूळ कर्नलमध्ये ते घेतलं गेलं २००८ मध्ये. मधल्या काळात ते कितीजणांच्या हाताखालून गेलं, कितीदा छाटलं गेलं. चांगल्या कामालाही थांबावं लागतं, ही गोष्ट मी माझ्या भाच्याला ऐकवली. त्याला एका परीक्षेत अपयश आलं म्हणून तो जेवत नव्हता!

आता त्या टाळेबंदीतल्या रात्रीकडे येते. त्यासाठीच तर हा लेख लिहायला घेतला.

पावसाळ्याचे दिवस. लाइट जाऊन येऊन होती. रात्री एक वाजता गच्चीवरच्या खोलीत उजेड दिसला. सासूबाईही जाग्या झाल्या. "थ्या पोट्टीले झोपू दे नं वं माय! रातभर त्या डबड्यात काय पाहून राह्यली?" मी वर गेले. लेक खुर्चीत पाय घेऊन बसली होती, चेहरा उतरलेला.

झालं असं होतं, की त्यांच्या कंपनीतल्या एकानं ड्रायव्हरमध्ये बदल केला होता. बाहेर पाठवायच्या आधी आतल्या दोघांनी वाचून सही द्यायची, अशी पद्धत. एकाची झाली होती. दुसरी सही हिची. चाचण्या सगळ्या पास. उद्या काम पोचवायचं होतं. वरचे साहेब म्हणत होते, टेस्ट पास आहे, सही करून टाक. आणि हिला त्यात एक चूक दिसत होती.

मी म्हटलं, मला सांग. तिनं सांगितलं ते असं. यंत्राला काही कळवायचं असलं की ते घंटी वाजवतं. घंटी वाजली की ड्रायव्हर धावत ठरलेल्या खोलीत जातो आणि नोंद करतो. यंत्र काढून घेताना आधी घंटी बंद करायची, मग खोली रिकामी करायची. लिहिणाऱ्यानं उलटं केलं होतं. आधी खोली रिकामी केली, मग घंटी बंद केली. दोन्हींच्या मध्ये क्षणाचाही फार छोटा तुकडा. पण नेमक्या त्या तुकड्यात घंटी वाजली, तर ड्रायव्हर जुन्या सवयीनं त्या खोलीत शिरणार, आणि तिथे तोवर दुसरंच बिऱ्हाड आलेलं असू शकतं! मग काय होईल ते कोणी सांगावं? यंत्र बंद पडेल, नाहीतर दुसऱ्याच्या सामानाची नासधूस होईल.

"पण असं किती वेळा होणार?" मी विचारलं.

"लाखात एखाद्या वेळी. म्हणून तर टेस्टमध्ये सापडत नाही. वाचूनच सापडतं."

"मग साहेबांना सांग की."

"सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळी दुरुस्त करू. आत्ता सही दे." मग ती एकदम म्हणाली, "आई, ती सही म्हणजे काय ते तरी त्यांना माहीत आहे का?"

तेव्हा मला कळलं, की त्या जगात सह्यांचेही प्रकार आहेत. २००४ पासून कर्नलमधल्या प्रत्येक बदलाखाली तो पाठवणाऱ्याची सही असते. हे देण्याचा मला हक्क आहे, असा तिचा अर्थ. तो बदल ज्याच्या ज्याच्या हातून पुढे जातो, तोही आपली सही जोडतो. अशी सह्यांची साखळी तयार होते. शिवाय "माझी हरकत नाही" अशी एक सही असते. "मी चालवून पाहिलं" अशी वेगळी. आणि सगळ्यात जड सही म्हणजे "मी तपासलं". तिचा अर्थ नियमांत लिहून ठेवलाय. मी हे वाचलंय, मला जे खटकलं ते मी सांगितलंय, त्याच्या उत्तरानं माझं समाधान झालंय आणि माझ्या माहितीत यात दोष उरलेला नाही. हे निर्दोषच आहे अशी हमी त्यात नाही. पण माहीत असलेला दोष लपवून ती सही करता येत नाही. आणि ही नावं कायमची राहतात. दहा वर्षांनीसुद्धा कोणी पाहिलं, तर ती ओळ कोणी लिहिली आणि कोणी तपासली ते दिसतं.

लेकीनं सही केली नाही. चूक कुठे आहे आणि क्रम कसा हवा ते लिहून पाठवलं. काम चार दिवस लांबलं. दुरुस्त होऊन ते बाहेर गेलं, तेव्हा परदेशातल्या राखणदारानं त्यात आणखी दोन गोष्टी काढल्या, त्यातली एक हिच्याही नजरेतून सुटलेली होती! ती हसत म्हणाली, "बघ, माझ्यावरही कोणीतरी आहे." वर्षअखेरीला मात्र तिच्या कामाच्या मूल्यमापनात शेरा आला, की गती कमी पडते. किती ओळी लिहिल्या ते मोजलं होतं. किती वाचल्या आणि काय थांबवलं, त्याचा रकानाच नव्हता.

मैत्रिणींनो, हे ओळखीचं वाटतं ना? दूध उतू गेलं तर सारं घर ओरडतं. रोज उतू जात नाही, त्याचं कोणी नाव काढत नाही. न घडलेल्या चुकीचा हिशेब ठेवणार कोण?

त्या रात्री मी तिला माझी एक गोष्ट सांगितली. तोवर घरात कोणालाच सांगितली नव्हती.

२००६ साल. आमच्या गटानं बँकेकडून कर्ज घेतलं आणि तीन बायकांना वाटलं. मी सचिव. गटात एकाच नावाच्या दोघी होत्या. ठराव लिहिताना नवऱ्याचं नाव लिहायचं राहून गेलं. माझ्या दिराच्या लग्नाची धावपळ होती. रजिस्टर घरी आलं, मी उभ्या उभ्या सही केली आणि बस पकडली. कर्ज घेतलं एकीनं, चढलं दुसरीच्या नावावर. ही दुसरी शेतमजूर, सोयाबीन सोंगायला जाणारी. चार महिने तिच्या बचतीतून हप्ते वळते होत राहिले. तिचा मुलगा आजारी पडला तेव्हा ती पैसे मागायला आली, तर खात्यात काहीच नाही. "मॅडम, म्या तं कर्ज काहाडलंच नाही. मंग माह्या नावावर कायचे पैसे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली सही माझीच होती. तिनं सावकाराकडून पैसे उचलले. पुढे नोंद सुधारली, तिची बचत परत मिळाली, सावकाराचं व्याज मी भरलं. पण त्या चार दिवसांत दवाखान्यात तिच्या जिवाची जी घालमेल झाली, ती मी कशी भरून देणार?

लेक ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आई, तू 'हरकत नाही' अशी सही केलीस. लोकांनी ती 'तपासलं' अशी समजली."

मला हे वाक्य लागलं. आणि त्यानंतर जिकडे तिकडे मला हेच दिसायला लागलं. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. आपल्या जिल्ह्यातही कितीतरी गावांत सरपंच बाई आहे. पण बिलावर सही करताना ती वाचते का, की घरचा माणूस बोट ठेवतो तिथे करते? कर्जाच्या कागदावर आपण अंगठा देतो, तेव्हा व्याजाचा दर कोणी वाचून दाखवतं का? "तुला काय कळतं त्यातलं" असं म्हणून कागद पुढे सरकवला जातो आणि आपणही "हो बाई, आपल्याला काय कळतं" म्हणून मोकळ्या होतो. हप्ता चुकला की मात्र ती सही आपलीच असते.

काही जणी म्हणतील, सगळं वाचत बसलं तर कामं कधी व्हायची? विश्वास नावाची काही गोष्ट आहे की नाही? आहे ना. पण २०२१ मध्ये काय झालं ते ऐका. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी, तपासणी किती कडक आहे ते पाहायला, मुद्दाम चुका असलेले पॅच कर्नलकडे पाठवल्याचं उघड झालं. राखणदारांपैकी एक मोठे, ग्रेग क्रोआ-हार्टमन, इतके संतापले की त्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं काम घेणंच थांबवलं. आधी आलेले जवळजवळ दोनशे पॅच पुन्हा काढून वाचायला लागले. त्यातले बहुतेक प्रामाणिक आणि चांगलेच निघाले. पण त्यासाठी किती जणांचा वेळ गेला! विश्वास ठेवावा, पण तो वाचून झाल्यावर ठेवावा.

आणि घाईची किंमत तर १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगानं मोजली. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, राखण करायला. हे लिनक्सचं काम नव्हे, कंपनीचं आतलं काम. त्या दिवशी त्याला एक नवी माहितीची फाइल गेली. फाइलनं एकविसावा रकाना पाहायला सांगितलं आणि ड्रायव्हरच्या हातात होते वीसच. एकविसावा शोधायला तो नको तिथे गेला, आणि सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले! आपल्याकडच्या विमानतळांवरही हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. चूक केवढी, तर एका रकान्याची. वीस आहेत की एकवीस, हे मोजणारी एक ओळ तिथे नव्हती.

आता तर कोड लिहून देणारी यंत्रंही आलीत. लेक म्हणते, लिहिणं सोपं झालंय, त्यामुळे वाचायचा ढीग वाढलाय. म्हणजे आपल्या मुलींना फक्त "लिहायला" शिकवून भागणार नाही. दुसऱ्याचं नीट वाचायला शिकवावं लागेल. चूक दिसली तर घाबरून गप्प न बसता सांगायला, आणि तीही माणसाला न दुखावता सांगायला. आणि आपलं काम परत आलं तर रडून झाल्यावर नऊ दुरुस्त करून दोनसाठी भांडायला! आणि जिथे जिथे कामाचा हिशेब होतो तिथे, ऑफिस असो की घर, वाचणाऱ्या आणि थांबवणाऱ्या माणसाचा एक रकाना असलाच पाहिजे. तो आपण मागितल्याशिवाय कोणी आखून देणार नाही.

आमच्या गटात आम्ही एक सुरुवात केलीय. रजिस्टरमध्ये सहीशेजारी दोन रकाने आखलेत. एकात "हजर" आणि दुसऱ्यात "वाचून पाहिले". ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पहिल्यातच सही करायची, त्यात लाज नाही. पण दुसऱ्या रकान्यात निदान दोन सह्या झाल्याशिवाय ठराव पुढे जात नाही. पहिले दोन महिने कुरकुर झाली. आता सवय झालीय.

ती सोयाबीन सोंगायला जाणारी बाई अजून आमच्याच गटात आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. परवा माझं वाचून झाल्यावर रजिस्टर तिच्यापुढे गेलं, तर तिनं ते माझ्याकडेच परत सरकवलं. म्हणाली, "मनातल्या मनात वाचलं तुमी. आता मोठ्यानं वाचा. म्या आइकल्याबिगर अंगठा देत नाही."

मी चष्मा पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.